मोठ्याने मोजा

दमलेल्या माणसाचे ओठ दोन तऱ्हांनी उघडतात. बहुतेकांचा जबडा खाली सुटतो, ओठ सैल पडतात आणि हवा मिळेल तशी आत ओढली जाते. दुसरी तऱ्हा काही जुन्या रुग्णांना आपोआप साधते, पण बाकीच्यांना ती शिकवावी लागते. ओठ पुढे येतात, मध्ये बारीक फट राहते आणि तिच्यातून श्वास हळूहळू बाहेर जातो. समोर दिवा असावा, ज्योत हलावी पण विझू नये, इतक्याच बेताने.

थोरल्या जाऊबाईंचे ओठ कॉरिडॉरच्या टोकाशी, नारिंगी शंकूला वळसा घालताना तसे झाले. त्यांच्यानंतर त्यांची धाकटी जाऊ चालायला आली. तिचेही ओठ त्याच शंकूपाशी तसेच झाले.

मोजणाऱ्या बाईंनी ते पाहिलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. चालण्याच्या परीक्षेत बोलायची वाक्यं ठरलेली होती. "छान चाललंय. अजून चार मिनिटं." "तुम्ही अर्ध्यावर आलात." यापलीकडे एक शब्द नाही, आणि तोही चढ्या आवाजात नाही की मऊ आवाजात नाही. आवाज मऊ झाला की माणूस दोन पावलं जास्त टाकतो, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्यांनी इतकी वर्षं तो सपाट आवाज सांभाळला होता की घरी नवराही म्हणायचा, "भाजीत मीठ जास्त झालंय हे तू मला असं सांगतेस, जणू माझा रिपोर्ट आलाय."

दवाखान्यात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. पलीकडच्या खोलीत व्यायाम शिकवणारी होती, ती व्यायामबाई. दोघींची चांगली मैत्री होती, पण ट्रायल सुरू झाल्यापासून त्या एकमेकींशी फक्त मुलांच्या परीक्षांबद्दल आणि पाण्याच्या टाकीबद्दल बोलत. ट्रायलचा नियमच तसा होता. बंद पडलेल्या सूतगिरणीतली माणसं, ज्यांनी उभ्या आयुष्यात कापसाची धूळ छातीत भरून घेतली, त्यांच्यातल्या अर्ध्यांना व्यायाम मिळणार होता आणि अर्ध्यांना फक्त एक माहितीपुस्तिका. कोणाला काय, हे संगणकाने ठरवलं होतं आणि मोजणाऱ्या माणसाला ते कळता कामा नये होतं. रुग्णांनी मात्र पहिल्याच आठवड्यात स्वतःची वाटणी करून टाकली होती, व्यायामवाले आणि पुस्तकवाले. पुस्तकवाल्यांना शब्द दिला होता, ट्रायल संपली की तुमची पाळी.

चालून झाल्यावर शेवटचा प्रश्न विचारायचा होता, तो सगळ्यांना सारखाच. ज्याला दवाखान्यात व्यायाम शिकवला होता त्यानेही उत्तर द्यायचं.

"या काळात घरी काही व्यायाम केलात?"

"केला की," थोरल्या म्हणाल्या. "रोज."

मोजणीबाईंनी त्यांना लगेच गप्प केलं. कोण कुठल्या गटात ते कळू नये म्हणून हा प्रश्न मुळात कारकुनाने वेगळ्या खोलीत विचारायचा होता. कारकून जागेवर नव्हता. तो आल्यावर पुढच्या सगळ्यांना त्याने विचारलं आणि मोजणीबाईंनी नुसतं दाराआडून ऐकलं. धाकटी म्हणाली, "नाही." तिच्या मागचे म्हणाले, "नाही." एक म्हातारे मुकादम म्हणाले, "छे छे, व्यायाम कसला, आम्ही पुस्तकवाले," आणि हे म्हणताना ते जिन्याच्या पायरीवरून अशा झोकात उतरले की कारकुनाने मान वर केली.

निकाल मोठ्या डॉक्टरांनी आपल्या खोलीत सांगितला. ते खूश होते. पडद्यावर दोन रेघा होत्या, दोन्ही वर चढलेल्या आणि एकमेकींना चिकटलेल्या.

"दोन्ही गट सुधारले. जवळजवळ सारखेच. याचा अर्थ काय?" त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"व्यायामामुळे सुधारले असं म्हणता येत नाही," कोणीतरी म्हणालं.

"बरोबर. पुस्तिका दिली तरी तेवढंच होतं. स्वच्छ निकाल आहे. असे निकाल छापायला धाडस लागतं."

मोजणीबाई रेघांकडे पाहत राहिल्या. पुस्तिका वाचून खोकला आला तर काय करावं ते कळतं. पुस्तिका वाचून मांडीच्या स्नायूत बळ येत नाही. स्नायू वाचत नाही. आणि कॉरिडॉरमधून चालताना या लोकांना फुप्फुसांआधी मांड्या दगा देत, हे त्यांनी पहिल्या फेरीत पाहिलं होतं. शेवटच्या फेरीत कोणाच्याच मांड्यांनी दगा दिला नव्हता.

"मग पुस्तकवाल्यांची पाळी?" व्यायामबाईंनी मागून विचारलं.

"कसली पाळी? ज्याचा उपयोग सिद्ध झाला नाही ते लोकांना देणं बरं दिसत नाही. आणि ती खोली आपल्याला नव्या यंत्रासाठी लागणार आहे."

नंतर पाण्याच्या नळाशी व्यायामबाई म्हणाल्या, "छाती थरथरवणारं यंत्र येणार आहे. माणसाने पडून राहायचं, यंत्र व्यायाम करणार. मला म्हणाले, तुम्ही राहू शकता की, बटण दाबायला कोणीतरी लागेलच." त्या हसल्या. ते हसणं ऐकून मोजणीबाईंनी नळ उगाचच थोडा जास्त उघडला.

अहवालाच्या शेवटच्या पानावर मोजणाऱ्याची सही लागत होती. त्यावर एक वाक्य होतं, पुस्तिका-गटातील सहभागींनी चाचणीच्या काळात व्यायाम केलेला नाही. कारकून पान घेऊन आला तेव्हा मोजणीबाई म्हणाल्या, "ठेवा. बघते." दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, तेवढी एक सही." तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने पेनाचं टोपण काढूनच पान समोर धरलं.

"वाचलं नाही अजून," त्या म्हणाल्या.

"मॅडम, एका वाक्यात वाचायचं काय असतं?"

बोटाला लावायचे चिमटे, रक्तातला प्राणवायू मोजणारे, सगळ्यांना घरी दिलेले होते. ते गोळा करायचे राहिले होते आणि शिपाई रजेवर होता. मोजणीबाई म्हणाल्या, मी जाऊन आणते. कारकुनाला आश्चर्य वाटलं, पण आयती सुटलेली कटकट कोण परत मागून घेतो.

गिरणीच्या कुलूप लावलेल्या फाटकासमोर कामगारांची घरं एका ओळीत होती. एका विटेच्या भिंती, प्रत्येक दाराला वेगळा रंग, खिडक्या मात्र सगळ्या एकसारख्या. भर दुपार होती. त्या ओळीच्या टोकाशी आल्या आणि त्यांना आवाज ऐकू आला.

"एक... दोन... तीन... चार, आणि सोडा. एक... दोन..."

खणखणीत बायकी आवाज होता. त्याच्या तालावर पायरीवर पाऊल पडत होतं. मोजणीबाई दोन दारं पुढे गेल्या. आवाज मागे राहिला, पाऊल मात्र राहिलं नाही. ते या घरातही पडत होतं. त्याच्या पुढच्या घरातही. तिथे एक लाकडी पाट वाजत होता, बहुधा पायरी म्हणून ठेवलेला. मुकादमांच्या घरातून "चार, आणि सोडा" ला एक लांब फुंकर ऐकू आली. मोजणारी एकच होती आणि अख्खी ओळ तिच्या मोजण्यावर चढत-उतरत होती.

आवाज थोरल्यांचा होता. मोजणीबाई मागे फिरून त्यांच्या दारात गेल्या. त्यांचं आणि धाकटीचं मूळ घर एकच. मध्ये भिंत घालून त्याची दोन केलेली.

"या मोजणीबाई. चिमटा न्यायला ना? धुऊन ठेवलाय."

"धुतलात?"

"मग? दुसऱ्याची वस्तू काय तशीच परत द्यायची? साबण लावून स्वच्छ धुतला."

मोजणीबाईंनी तो मेलेला चिमटा पिशवीत टाकला. "तुमचा आवाज फार लांब जातो."

"जायलाच हवा. व्यायामबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलंय, मोठ्याने मोजा. तोंडाने मोजणारा श्वास कोंडून धरू शकत नाही. मनात मोजलं की माणूस छाती आवळून बसतो." हे खरंच होतं, सगळ्या पुस्तकांत हेच शिकवतात. थोरल्यांनी भिंतीकडे मान वळवली. "मी तर असं मोजते की चार घरांनी ऐकावं."

भिंतीपलीकडून खोकला आला.

"ऐकतातच," थोरल्या म्हणाल्या.

"तुमचं आणि धाकट्यांचं..."

"बोलणं नाही. सासूबाई गेल्या तेव्हापासून."

"असं काय झालं होतं?"

"ते आता दोघींनाही धड आठवत नाही. पण म्हणून सोडून कसं द्यायचं?"

"त्यांना सांगा, मला चांगलं आठवतंय!" भिंत म्हणाली.

थोरल्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. "पलीकडेही पाऊल पडतंय हे कळलं तेव्हा डोकं फिरलं होतं माझं. संगणकाने मला दिला तो व्यायाम, आणि इकडे आयता लाटायचा? मग मी मनातल्या मनात मोजायला लागले. तर पलीकडे पाऊल चुकायला लागलं. एकदा तर धपकन पडली."

"पडले नाही. घसरले."

"घसरून पडली. मग काय करता? मेली असती तर लोक म्हणाले असते, जावेने घालवली. पुन्हा मोठ्याने सुरू केलं." त्यांनी खुर्ची पुसली. "आता आमच्याकडे घड्याळ बंद पडलं तरी चालतं. माझा आवाज आला की ओळीतले सगळे उठतात. मुकादम तर मला मास्तरीण म्हणतात, मेले."

धाकटी आता दारात येऊन उभी होती. उंबऱ्याच्या आत आली नाही. ती थोरल्यांकडे न पाहता मोजणीबाईंशी बोलली.

"बाई, त्या कारकुनाने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. सगळ्यांनीच नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर नाव कापलं असतं आणि पाळी गेली असती. मला तो व्यायाम नीट शिकायचाय. भिंतीतून हात कसे धरायचे ते कळत नाही."

"पाळी येणार नाही," मोजणीबाई म्हणाल्या. हे तोवर ओळीतल्या कोणालाच कोणी सांगितलेलं नव्हतं. "खोली बंद होतेय. व्यायामवाले आणि पुस्तकवाले सारखेच सुधारले. म्हणून व्यायामाचा वेगळा उपयोग दिसला नाही."

थोरल्या म्हणाल्या, "म्हणजे सगळे बरे झालो म्हणून बंद?"

"तसंच काहीसं."

"म्हणजे मी चोरून केलं म्हणून माझीच पाळी गेली," धाकटी म्हणाली. तिला ते मोठ्या डॉक्टरांपेक्षा लवकर कळलं, कारण ते न कळण्यात तिचा काही फायदा नव्हता. मग ती घाईघाईने म्हणाली, "पण आमची नावं सांगू नका, बाई. औषधाचं कार्ड तिथलंच आहे. खोटं बोलणाऱ्यांना पुढे कोण दारात उभं करणार?"

"त्यांना म्हणावं, भ्यायचं कशाला?" थोरल्या कडाडल्या. "सांगा तुम्ही, मोजणीबाई. मी मोठ्याने मोजलं म्हणून सांगा. मला सांगितलं होतं तसंच केलं मी."

"यांना काय जातंय सांगायला? यांना मिळालंय सगळं!"

"मला मिळालं ते मी एकटीने खाल्लं का गं?"

सासूबाई गेल्यानंतर त्या दोघी पहिल्यांदाच थेट एकमेकींशी बोलल्या असाव्यात. कारण दोघीही चपापल्या आणि धाकटी उलट पावली निघून गेली.

मोजणीबाईंनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं ते आडवळणाने. समजा, पुस्तिका-गटातल्या काहींनी शेजाऱ्यांचं ऐकून व्यायाम केला असेल तर?

"कोणी बोललं का तुमच्याशी?" त्यांनी लगेच विचारलं. मग उत्तराची वाट न पाहता ते मागे टेकले. "मॅडम, शेजारीपाजारी एकमेकांचं बघून थोडंफार करणारच. कारकुनाने विचारलं, ते नाही म्हणाले. आपलं काम त्यावर चालतं."

"सगळे रुग्ण एकाच ओळीतले घ्यायचे, हे कोणी ठरवलं होतं, सर?"

"पाठपुरावा सोपा जातो." क्षणभर ते पडद्याकडे पाहत राहिले, जिथे आता काहीच नव्हतं. "आणि खरं काय घडलं ते आता मोजता येणार नाही. जे मोजता येत नाही ते लिहायचं नाही. हे तुम्हीच नव्या मुलींना शिकवता ना?"

शिकवत होत्या. याच शब्दांत.

"तुम्ही तोंड उघडलंत तर काय होईल सांगू? व्यायाम चांगला ठरणार नाही. ट्रायल बाद ठरेल, बस्स. माझं काम पाण्यात, व्यायामबाईंचं पाण्यात आणि तुमची मोजणी तर सगळ्यात आधी पाण्यात. त्यापेक्षा एक साधी सही बरी."

यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून त्या परत आपल्या खोलीत आल्या. त्यांच्या नावावर त्या मोजणीशिवाय दुसरं काही नव्हतं. ट्रायल बाद ठरली तर निदान पुन्हा करावी लागेल, घरांच्या ओळी वेगळ्या ठेवून, आणि तोवर खोलीला कुलूप लावता येणार नाही, हेही त्यांना दिसत होतं. आणि धाकटीचं कार्डही दिसत होतं. त्यांनी सही केली नाही, आणि करणार नाही असंही म्हटलं नाही. कारकून रोज दारातून डोकावे. "मॅडम, पेन चालत नाही का?" तो विचारायचा. पुढे पुढे त्याने विचारणंही सोडलं, नुसताच पेन दाखवून जायचा.

या दरम्यान सगळ्या सहभागींना दवाखान्याचं पत्र गेलं. आभार मानलेले होते, आणि खाली लिहिलं होतं की व्यायामाचा विशेष उपयोग दिसून आलेला नाही. ते पत्र जाणार आहे हे मोजणीबाईंना ठाऊक होतं. पत्रं जातच असतात.

अहवालाची तपासणी करायला बाहेरचे डॉक्टर आले त्या सकाळी सुतार व्यायामखोलीच्या दाराची रुंदी मोजत होते. यंत्र आत जाईल की नाही ते बघत होते. कॉरिडॉरच्या बाकावर धाकटी बसलेली होती. मोजणीबाईंना ती आधी ओळखू आली नाही. जबडा खाली सुटलेला होता, ओठ सैल, खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते.

त्या तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. "फुंकर. ज्योत हलू द्या, विझवू नका."

धाकटीने ओठ पुढे केले, दोन श्वास नीट सोडले आणि परत सोडून दिलं. "त्याचा उपयोग नसतो ना, बाई? पत्र आलं."

"तुम्ही बंद केलंत?"

"सगळ्यांनीच केलं. थोरल्या म्हणाल्या, एवढे शिकलेले डॉक्टर लिहितात उपयोग नाही, मग मी कशाला घसा कोरडा करू. मुकादमांनी ते पत्र काचेत लावलंय. छापील कागद आहे ना."

"आणि तुम्हाला काय वाटत होतं? करत होतात तेव्हा?"

"मला वाटून काय उपयोग? छातीला बरं वाटत होतं. पण छाती काही शिकलेली नाही, बाई." तिने दम घेतला. "आता पलीकडे शांत असतं. भांडण होतं तेव्हासुद्धा एवढं शांत नव्हतं."

सुताराने टेप ओढून सोडली. ती खटकन आत गेली.

"मी आत जाऊन सांगितलं तर?" मोजणीबाईंनी विचारलं.

धाकटीने बंद दाराकडे पाहिलं, मग हातातल्या कार्डाकडे. तुमच्या कार्डाला काही होणार नाही, असं म्हणायला हवं होतं. पण ती खात्री मोजणीबाईंच्या हातात नव्हती, म्हणून त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"थोरल्या परत मोजतील का?" धाकटीने विचारलं.

"माहीत नाही. पत्र चुकीचं आहे एवढं तरी त्यांना सांगता येईल."

धाकटीने कार्ड पदराखाली सरकवलं. मग म्हणाली, "बघा तुम्ही. पण मी इथं बसले होते असं सांगू नका."

आत मोठे डॉक्टर, बाहेरचे डॉक्टर आणि कारकून होते. चहा आलेला होता. मोजणीबाईंना पाहून कारकुनाने टोपण काढलेला पेन पुढे केला आणि ते शेवटचं पान टेबलावर फिरवून त्यांच्याकडे केलं.

"याच आमच्या मोजणाऱ्या," मोठे डॉक्टर पाहुण्यांना म्हणाले. "यांच्याइतका काटेकोर माणूस तुम्हाला सापडणार नाही. फक्त सहीला जरा आळशी आहेत."

पाहुणे हसले. मोजणीबाईंनी कारकुनाच्या हातातला पेन घेतला, त्याचं टोपण लावलं आणि तो पानावर आडवा ठेवला.

"सर, हे वाक्य खरं नाही," कॉरिडॉरमध्ये 'छान चाललंय' म्हणत त्याच सपाट आवाजात त्या म्हणाल्या. "मी यावर सही करणार नाही."